जोडीतला दुसरा

लोक आम्हाला सर्पमित्र म्हणतात. मला हा शब्द कधीच पटला नाही. सापाशी माझी मैत्री नव्हती, आणि सापाची माझ्याशी तर नव्हतीच नव्हती. घरात शिरलेला साप मी पकडायचो, त्याचे पैसे घ्यायचो आणि साप डोंगराकडं सोडून यायचो. नळ दुरुस्त करणाऱ्याला कुणी नळमित्र म्हणतं का?

दुष्काळाच्या त्या वर्षांत काम भरपूर होतं. आमचं शहर बीड बायपास ओलांडून शेजारच्या सातारा गावाच्या डोंगराच्या पायथ्याला भिडलं होतं. ज्या माळावर माझ्या वडिलांनी मेंढरं चारली, तिथं रो-हाऊसच्या रांगा उभ्या राहिल्या. कमानीवर कसल्या कसल्या बागांची नावं, आणि आत सावलीपुरतं झाड नाही. माळावर पाण्याचा थेंब नव्हता. ओल होती ती फक्त घरांच्या अंगणात, टँकरनं भरलेल्या हौदांच्या कडेला. बेडूक तिथं आले, उंदीर तिथं आले, मग साप आले. लोक विचारायचे, "साप आमच्याच घरात का आला?" मी म्हणायचो, "पाण्यासाठी आला. तुम्ही कशासाठी आलात?" हे लोकांना आवडायचं नाही. माझी बायको म्हणायची, "तुम्ही साप धराया जाता का भांडाया?"

त्या घरात मात्र मी भांडलो नाही. रांगेतलं शेवटचं घर होतं, त्याच्या पुढं नुसता माळ. नवरा वाळूजला कंपनीत, दिवसपाळीला. घरात पैठणकडची एक तरुण बाई आणि तिची अकरा महिन्यांची मुलगी. मागच्या अंगणात जमिनीखालचा हौद, त्याच्यावर शहाबादी फरशी, आणि फरशीच्या कडेला बोटभर फट. बाई धुणं धूत असताना त्या फटीतून नाग बाहेर आला होता.

मी पोचलो तेव्हा तो फटीजवळच होता. काठीनं बाजूला ओढला की वळून पुन्हा फटीकडं. एकदा, दोनदा. उन्हाचं चटकत होतं, डोक्यातून घाम डोळ्यांत येत होता, आणि मी त्या जनावरावर चिडलो. एवढा मोठा माळ मोकळा पडला असताना ह्याला तेच भोक पाहिजे! शेवटी बरणीत घेतला. अंगानं लांब, पण रोडका होता, कुशीची कातडी सैल पडलेली. उपाशी असेल म्हटलं. दुष्काळात सगळेच उपाशी होते. बरणीत थोडं पाणी ओतलं, तो प्यायला, आणि मी निघालो.

बाईनं दारातूनच विचारलं, "भाऊ, दुसरा?"

हा प्रश्न मला प्रत्येक घरात ऐकावा लागायचा. आपल्याकडं नाग एकटा नसतोच. त्याची जोडी असते, एकाला नेलं की दुसरा डूख धरतो, आणि नागाची मादी म्हणजे धामण, असं सगळ्यांना पाठ असतं. मी नेहमीसारखं सांगितलं, "ताई, असं काही नसतं. साप एकटाच राहतो. धामण वेगळी जात आहे, बिनविषारी. डूख-बिख सगळं खोटं." मी पूर्ण अंगण हुडकलं, कुंड्या हलवल्या, फटीत बॅटरी मारली. काही दिसलं नाही. ती मान हलवत होती, पण मुलगी तिच्या कमरेवरून खाली उतरली नव्हती.

पाच दिवसांनी तिच्या नवऱ्याचा फोन आला. म्हणाला, "पोरीला खालीच ठेवीना झालीय. सैपाक करती ते बी कडेवर घेऊन. झोपती बी पलंगावर, बसूनच. पोरगी चालायला आलीय, पन पाय टेकू देईना. पैठणला जाते म्हनती, परत येनार नाय म्हनती. घराचा हप्ता चालू हाय, कुठं जाऊ मी?"

मी गेलो. बाईचे डोळे आत गेले होते. मुलगी कमरेवर बसून पाय झाडत होती, खाली उतरायला रडत होती. मी पुन्हा तेच सगळं सांगितलं, मोबाईलवर चित्रं दाखवली. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुमचं खरं असंल. पर लेकरू माझं हाय."

आमच्या धंद्यात एक वाईट चाल होती. तिला 'जोडी दाखवणं' म्हणत. दुसऱ्या घरातून धरलेली धामण पिशवीत घेऊन यायची, आडोशाला सोडायची, आणि आरडाओरडा करून पुन्हा धरायची. घरचे खूश, वर दुप्पट पैसे. असं करणाऱ्यांना मी चारचौघांत शिव्या घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मीच हर्सूलला एका गोठ्यातून धामण धरली, उशीच्या अभ्र्यात घातली, पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवली आणि सरळ त्या घरी गेलो. पैसे घ्यायचे नाहीत, हे वाटेतच ठरवलं होतं. पैसे घेत नाही म्हणजे ही लबाडी नव्हे, असं मी स्वतःला बजावलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा फार भलं वाटत होतं.

"ताई, दार लावून आत थांबा," म्हटलं आणि मागं गेलो. अभ्रा सोडला. धामण चिडलेलीच होती, बाहेर येताच तिनं माझा पंजा पकडला. रक्त आलं. मला नाटक करायचीही गरज पडली नाही. मी खरंच ओरडलो. बाईनं खिडकीतून सहा फुटांचं जनावर बघितलं, माझा रक्तानं भरलेला हात बघितला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मी धामण पुन्हा अभ्र्यात बांधली तशी ती बाहेर आली, लांबूनच हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले. "व्हती ना भाऊ? म्या म्हनत व्हते ना?"

"होती ताई," मी म्हणालो. "तुमचंच खरं. आता भ्यायचं काही कारण नाही."

तिनं माझ्यासमोर मुलीला खाली ठेवलं. मुलगी अंगणात उभी राहिली, डुलली, आणि दोन पावलं चालली. बाई हसता हसता रडली. मीही घरी जाताना रस्ताभर शीळ घालत गेलो.

त्यानंतर पावणेदोन-दोन महिने गेले. मृग कोरडा गेला. वडिलांनी चाऱ्याअभावी उरलेली मेंढरं विकली आणि ते आमच्याकडं हर्सूलला राहायला आले. जन्मभर रानात फिरलेला माणूस दोन खोल्यांत दिवसभर बाजेवर बसून असायचा. त्यांचं मन रमावं म्हणून मी त्यांना कामातल्या गमती सांगायचो. एका दुपारी जेवताना ही धामणीची गोष्ट सांगितली. बाई कशी हसली, पोरगी कशी चालली, सगळं रंगवून सांगितलं. बायको हसली. वडील हसले नाहीत. त्यांनी घास ताटात ठेवला.

"पयला नाग कसा व्हता?"

"कसा म्हणजे? नागासारखा."

"पोट भरल्यालं व्हतं का ढिलं?"

"ढिलं होतं. रोडका होता."

"आन बिळाकडं जात व्हता म्हनला तू."

मी मान डोलावली.

"आरं, नागीण व्हती ती," वडील म्हणाले. "आंडी घातल्याली. आंडी घातली की कातडी आशी सैल पडती, आन ती बिळापासून हालत नाय. म्या तुला ल्हानपनी दावली व्हती, वढ्याच्या दरडीला. इसरला का?"

विसरलो नव्हतो. हेच तर वाईट होतं. ओढ्याच्या दरडीतली ती नागीण मला लगेच आठवली, तिची सुरकुतलेली कूस आठवली, आणि बरणीतल्या त्या जनावराची कूसही आठवली. नागाच्या अंड्यांतून साधारण दोन महिन्यांनी पिल्लं निघतात. पिल्लू बोटाएवढं जाड नसतं, पण विष पहिल्या दिवसापासून असतं. मी बोटांवर आठवडे मोजले आणि ताटावरून उठलो.

त्या बाईला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, तेच. नवऱ्याचा फोन वाजत राहिला. कंपनीत आत फोन नेऊ देत नसत. मी गाडी काढली.

हर्सूल ते देवळाईतलं तिचं घर, मधे अख्खं शहर. क्रांती चौकात पाण्याचा टँकर माझ्या पुढं आला आणि तिथून पुढं तो माझ्या पुढंच राहिला. त्याच्या मागच्या नळातून धार गळत होती, माणसं कळशा घेऊन शेजारून पळत होती, आणि मी हॉर्न वाजवत होतो. एक म्हातारा ओरडला, "काय रे, घर जळालं का?" मला त्याला खरंच उत्तर द्यावंसं वाटलं. डोक्यात एकच चाललं होतं. आपण धामण नेली नसती, तर ती बाई अजून पोरीला कमरेवर घेऊन बसली असती. दमली असती, वैतागली असती, कदाचित पैठणला गेली असती. पोरगी वर असती. तिला खाली मी ठेवायला लावलं. तिच्या आईला जी भीती होती ती वेडी असेल, पण पोरीला राखत होती. ती मी काढून घेतली.

मागचं फाटक उघडं होतं. मुलगी हौदाच्या फरशीवर बसली होती. अनवाणी. हातात वाटी, फटीत माती ओतत होती.

मी तिला उचललं तेव्हा ती जोरात रडली आणि बाई धावत बाहेर आली. मी आधी मुलीचे हातपाय बघितले, बोटं बघितली, मग तळवे पुन्हा बघितले. काही नव्हतं. मग मुलगी तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, थांबलो तर सांगवणार नाही म्हणून एका दमात. धामण हर्सूलची होती. मी पिशवीतून आणली होती. इथं दुसरा साप नव्हता, पण या फटीत अंडी असणार.

तिनं मुलीचे तळवे स्वतः एकदा चाचपले. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "म्या हळदकुकू वाह्यलं, तवा तुमी हात जोडले व्हते."

मी जोडले होते.

तिला आत पाठवलं, गमबूट घातले आणि पहारीनं फरशी उचलली. खाली ओली माती, आणि त्यात चिकटलेली पांढरी कवचं. बहुतेक चिरलेली होती. चारांतून अजून पिल्लं निघायची होती, त्यांतल्या एकातून डोकं बाहेर आलेलं होतं. उरलेली मातीत, विटांच्या सांदीत गुंडाळून बसली होती. वीतभर जीव, पण काठी जवळ नेली की फणा काढत होता. एकेक पिल्लू काठीनं बरणीत घेतलं, न फुटलेली अंडी मातीसकट डब्यात ठेवली. संध्याकाळपर्यंत मी कवचं तीनदा मोजली. कवचं चौदा होती. पिल्लं, न फुटलेली धरून, बारा.

नवरा घरी आला होता. दोघं दारात उभी. बाईनं विचारलं, "समदी निघाली?"

'हो' म्हणणं फार सोपं होतं. ते ऐकायलाच ती दोघं उभी होती. "दोन नाही सापडली," मी म्हणालो. "माळावर गेली असतील, कावळ्यानं नेली असतील. नसतीलही. मला माहीत नाही."

मुलगी कमरेवर गेली. आता ती पळायला शिकली होती, वजनानं भरली होती, आणि खाली उतरण्यासाठी आईला ओरबाडत होती.

मी रोज सकाळी जाऊ लागलो. फट सिमेंटनं बुजवली, विटा हलवल्या, नाली बघितली, चपला झटकल्या. बाई बोलायची नाही. पण मी निघालो की दारातून रोज एकच विचारायची, "आज उतरवू का खाली?" आणि मी रोज "नको" म्हणायचो. घरी आलो की वडील विचारायचे, "घावली का?" मी नाही म्हणायचो. जेवण जात नव्हतं. दुसऱ्या कामांचे फोन घेणं मी बंद केलं. फोन वाजला की तिचाच असणार आणि भलतंच काही असणार, असं वाटायचं.

असे अठरा दिवस गेले. वडील म्हणाले, "आता ऱ्हायली नसतील. पिल्लू एका जागी एवढं ऱ्हात नाय." मलाही तेच वाटत होतं. पण वाटणं वेगळं आणि तिला सांगणं वेगळं.

एकोणिसाव्या दिवशी तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "उतरवा ताई. आता हरकत नाही."

ती हलली नाही. "मागं बी तुमी असंच म्हनला व्हता," ती म्हणाली. मग माझ्या पायांकडं बघितलं. "बूट काढा. आधी तुमी चाला."

मी गमबूट काढले, मोजे काढले. फाटकापासून सुरुवात केली, भिंतीच्या कडेनं, कुंड्यांच्या मागून, नालीवरून, प्रत्येक फरशीवर पाय टेकवत. तिला सांगितलं होतं त्यावर माझा स्वतःचा किती विश्वास आहे, ते मला प्रत्येक पावलाला कळत होतं. हौदापाशी आलो तेव्हा पाऊल उचलेना. ती बघत होती. मी टेकवलं.

मग तिनं मुलीला खाली ठेवलं, पण तिचं बोट सोडलं नाही. मुलगी आईला ओढत अंगणभर फिरली, माझ्यापाशी आली, आणि माझ्या हातातले बूट तिला पाहिजे म्हणून हात पसरून उभी राहिली. मी बूट उलटे करून दोनदा झटकले आणि मगच तिच्यापुढं धरले.