शेंग्याचा भुंकायचा दिवस

आश्विन शुद्ध अष्टमी. उद्या खंडेनवमी, म्हणून सकाळपासून माग पुसते आहे. पदर खोचलेला, डोक्याला जुना टॉवेल, एका हातात डिझेलचा डबा आणि दुसऱ्या हातात चिंध्या. वर्षभर सुताची लव उडते, तेलावर बसते आणि तिचा काळा चिकट थर होतो. तो चिंधीला दाद देत नाही. त्याला जुनं उलथनंच लागतं. मागाच्या मागच्या पायाशी, भिंतीकडच्या कोपऱ्यात असा एक थर खरवडला, आणि त्यातून तांबूस केसांचा एक पुंजका निघाला. ताठ, आखूड केस. कुणाचे, हे विचारायला नको होतं. तीन वर्षं झाली त्याला जाऊन. दर नवमीला मी हाच माग पुसते आणि दर वर्षी हा कोपरा माझ्या नजरेतून सुटला असणार, म्हणजे माझी सफाई किती चोख ते कळलंच. पुंजका मी खिडकीच्या फळीवर ठेवला आणि पुढचा पाय खरवडायला घेतला.

पण हे दिवसच असे असतात, की हात एकीकडे चालतात आणि मन दुसरीकडे. पाऊस नुकताच उठून गेलेला असतो. सकाळी तुळशीच्या पानांवर दव, दहा वाजता चटका देणारं ऊन, आणि वर धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ आभाळ. कंग्राळीच्या मळ्यांतून झेंडू येतो आणि आमच्या वडगावच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचे ढीग लागतात. त्या झेंडूचा उग्र वास, डिझेलचा वास आणि शेजारी कुणाच्या तरी घरी भाजत असलेल्या शेंगांचा वास, तीनही एकत्र नाकात शिरले की मला पंचांग बघावं लागत नाही. गल्लीत घराघरात विजेवरचे माग. त्यांची खटखट इतकी सततची, की परगावचा पाहुणा पहिल्या दिवशी डोकं धरून बसतो. आम्हाला ती ऐकूच येत नाही. ऐकू येते ती फक्त थांबली की.

शेंगांवरूनच त्याचं नाव पडलं, शेंग्या. माझं माहेर सदलग्याकडचं. लेक तिसरीत होती तेव्हा माझा धाकटा भाऊ दसऱ्याला आला, एक पिशवी खांद्यावर आणि एक काखेत. "आक्का, शेंगा आणल्यात. वल्या हायत, लगेच वाळत घाल," म्हणाला आणि काखेतली पिशवी जरा जास्तच जपून खाली ठेवली. मी बघते तर पिशवी भिजलेली. आणि ओल हळूहळू पसरत चाललेली.

"ह्या तुझ्या शेंगा मुततात व्हय रं?" मी विचारलं.

तो दारातच उभा राहून हसत सुटला. तोवर लेकीनं पिशवीत हात घालून तांबडं, डोळेही धड न उघडलेलं कुत्र्याचं पिल्लू बाहेर काढलं होतं. घरात आधीच दोन माग, चार माणसं आणि पाय ठेवायला जागा नाही. मी साफ सांगितलं, उद्याच्या बसनं हे परत जाईल. आप्पा, म्हणजे माझे सासरे, मागावरून मान न वळवता म्हणाले, "जाईल की. कुठं पळून जातंय?" ते बारा-तेरा वर्षं कुठंच गेलं नाही.

शेंग्याची जागा त्यानं स्वतःच ठरवली, दोन मागांच्या मधल्या बाकाखाली. कानाजवळ लोखंड आपटत असायचं आणि हा चारी पाय ताणून निवांत घोरायचा. धागा तुटला, कांडीतलं सूत संपलं, की माग आपोआप थांबतो. दोन मागांतला एक जरी थांबला, की ठेका मोडायचा आणि शेंग्या ताडकन उठून भुंकायचा. सगळी कुत्री आवाजानं जागी होतात, आमचं आवाज थांबल्यानं. मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "आप्पा, माग बघा!" आणि भाकरी उलटायची. कुत्र्याचा काही उपयोग असतो हे मला तेव्हा पटलं, आणि त्याच्या वाट्याची भाकरी मी कुरकुर न करता थापायला लागले.

त्याची पहिली खंडेनवमी मी जन्मात विसरणार नाही. नवमीला हत्यारांना विसावा. घरातल्याच नव्हे, उभ्या गल्लीतल्या मागांना त्या दिवशी कुणी हात लावत नाही. सकाळी गल्ली गप्प झाली आणि शेंग्याचं डोकं फिरलं. या मागाकडे बघून भुंक, त्या मागाकडे बघून भुंक, मग शेजाऱ्यांच्या दारात जाऊन भुंक. शेजारीण परडी घेऊन बाहेर आली, "अगं, तुझं कुत्रं पिसाळलं का बघ!" माझ्या नवऱ्यानं तर त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायला रिक्षा बोलावली होती. तेवढ्यात आप्पा पूजेचं ताट घेऊन आले. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "त्येला काय बी झालं न्हाय. त्येला वाटतंय सगळ्या गल्लीचं सूत तुटलंय." मागाला, धोट्याला, कात्रीला, शिलाई मशीनला गंध लावून झालं, तसं त्यांनी शेंग्याला धरलं आणि त्याच्या कपाळालाही गंध लावलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. "हे बी आपलं हत्यारच की. कामाचं हाय." हार शेंग्यानं दहा मिनिटांत खाल्ला आणि पुन्हा भुंकायला लागला. तेव्हापासून दर नवमीला एक हार जास्तीचा आणायचा आणि दिवसभर कान बंद करून बसायचं, हे ठरून गेलं.

घरातलं जे जे झालं, त्यात तो होताच. लेकीला दहावीला चांगले गुण पडले, पेढ्याचा पहिला तुकडा पाटावरून त्यानं उचलला. ती पहिल्यांदा साडी नेसली, ती आप्पांच्या मागावरची, आणि त्या दिवशीच्या फोटोत साडीच्या निऱ्यांतून एक तांबडी शेपूट बाहेर आलेली आहे. आमच्या घरचे फोटो चाळले तर प्रत्येकात कुठे ना कुठे ती शेपूट सापडते. कान, तोंड क्वचितच. फोटो म्हटला की तो पाठ फिरवायचा.

लेक बारावीत होती त्या आश्विनातली गोष्ट. भुईमुगाची पोती आली होती आणि मी मागाच्या खोलीच्या उंबऱ्यात शेंगा निवडत बसले होते. दुसऱ्या मागाकडे पाठ करून आप्पा एका मागावर वाकले होते आणि तो दुसरा थांबला. शेंग्या उठला, पण भुंकला नाही. सावकाश चालत गेला आणि आप्पांच्या पोटरीला ओलं नाक लावलं. आप्पा वळले, सूत जोडलं, माग सुरू झाला, शेंग्या परत बाकाखाली. माझ्या लक्षात आलं की हा कितीतरी दिवसांत भुंकलेलाच नाही. मी उठले, आप्पांच्या मागे जाऊन उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "आप्पा, चहा." शेंग्यानं मान वर केली. आप्पांनी केली नाही.

पन्नास वर्षं त्या खटखटीत काढलेली. कान गेले होते. आम्ही तिघं त्याच घरात राहून बेखबर, आणि भुंकून उपयोग नाही हे कुत्र्याला आमच्या आधी कळलं होतं.

नवऱ्याला सांगावं की नाही, हा प्रश्न मला फार वेळ पडला नाही. तो आधीच म्हणत होता, आप्पांनी आता घरी बसावं. कान गेल्याचं कळलं असतं तर त्याच दिवशी त्यांना मागावरून उठवलं असतं, आणि ज्या माणसाला सणाच्या दिवशीही दुपारनंतर हात कुठे ठेवावे हे सुचत नाही, तो बसून काय करणार? मी गप्प राहिले. मला कळलंय, हे आप्पांना कळलं असावं. दुसऱ्या दिवशी कप हातात घेताना ते बाकाखाली बोट दाखवून म्हणाले, "चा आणलास की त्येला सांगत जा पोरी. मला सांगून काय उपेग न्हाय." त्यानंतर त्या विषयावर आम्ही एक शब्द बोललो नाही. चार वर्षं तो कारभार तसाच चालला.

शेंग्या भाद्रपदात गेला. म्हातारा झाला होता, बाकाखाली झोपला आणि उठला नाही. परसात पेरूखाली त्याला पुरलं. रडारड लेकीनं केली, मी खड्डा नीट खोल झालाय ना ते बघितलं. चौथ्या दिवशी एक माग थांबला आणि आप्पा दुसऱ्या मागाकडे तोंड करून तसेच उभे. नवऱ्यानं तीन हाका मारल्या. मग जे उघडं पडायचं ते पडलं. नवऱ्याचं म्हणणं चूक नव्हतं. सूत घेऊन मागातून इकडून तिकडे धावणारा धोटा उडून लागला तर माणसाचा डोळा जातो. आप्पा भांडले नाहीत. जाऊन कट्ट्यावर बसले. आठ दिवस बसले. येणारा-जाणारा बोलला तरी नुसती मान हलवायचे. नवव्या दिवशी मला म्हणाले, "म्हंजी आता मी पुजंपुरताच मागाला शिवायचं व्हय गं?"

कानाचं मशीन आणलं. ते कानात घालून आप्पा मागाजवळ गेले आणि दोन मिनिटांत काढून माझ्या हातात दिलं. "एवढा आवाज करतोय व्हय हा? आनि तुमी कसं ऱ्हाता हितं?" आम्ही पोट धरून हसलो, पण प्रश्न सुटला नाही. मग मी वायरमनला बोलावलं. माग थांबताना त्याचा दांडा जिथं मागे येतो, तिथं एक बटण बसवायचं. दांडा मागे आला की आप्पांच्या समोरच्या भिंतीवर लाल दिवा लागला पाहिजे. आणि धोट्यापुढे जाळी. "आयितु आक्का, झालं की," म्हणत त्यानं दुपारपर्यंत काम संपवलं. नवरा हसला, "शेंग्याच्या जागी बल्ब लावलास?" मी म्हटलं, "ह्याला भाकरी लागत नाही." दोन मागांपैकी एक नवऱ्यानं स्वतःकडे घेतला, एक आप्पांचा.

तीन वर्षं झाली, दिवा लागतो, आप्पा सूत जोडतात. तुळशीचं लग्न झालं की लेकीचं लग्न आहे, चिकोडीला देतोय. तिची लग्नातली साडी आप्पांच्याच मागावर आहे, अंजिरी रंगाची, अर्ध्याहून जास्त झाली आहे. "दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाय," हे त्यांनी सगळ्या घराला बजावलंय. साखरपुड्याचे फोटो छान आलेत. परवा चाळताना मी उगाच प्रत्येक फोटोत खालच्या कोपऱ्यात बघत होते, आणि लेकही तेच करत होती. दोघींनी एकमेकींना पकडलं, आणि अल्बम मिटला.

हे इतकं लिहिण्यात दुपार गेली. अजून एक माग पुसायचा आहे.

नवमी, सकाळ. आंघोळ करून मागाच्या खोलीत गेले. गल्ली गप्प होती. पूजेच्या दिवशी मी मेन स्विच खाली पाडून ठेवते. घरात कुणी दिवा उगाच जाळला की आरडाओरडा करणारी बाई मी. आज तोच स्विच वर केला. माग थांबलेलाच, त्यामुळे लाल दिवा लागला आणि लागून राहिला. मागाला, धोट्याला, कात्रीला, स्कूटरला गंध लावलं, मग स्टुलावर चढून दिव्याच्या फळीलाही लावलं आणि या वर्षी आठवणीनं आणलेला जास्तीचा हार तिथं अडकवला. खिडकीतला केसांचा पुंजका पेरूखाली नेऊन टाकला. परत आले तर आप्पा ताट घेऊन दारात उभे, दिव्याकडे बघत.

"लागलं बघ भुंकाय," म्हणाले.

स्विच मी संध्याकाळपर्यंत वरच ठेवला, आणि पुरण शिजत घालायला आत गेले.