अक्कांची चौथी चाचणी

गाडी चालवण्याच्या चाचणीत नापास झालेला माणूस खाली मान घालून निघून जातो. मीही तशीच निघाले होते. अक्का मात्र गाडीतून उतरल्या, पदर खोचला आणि तडक निरीक्षकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "काय चुकलं साहेब? नीट सांगा. घरी जाऊन तेवढंच करून बघते." साहेबही क्षणभर गडबडले. मग हवेत हात फिरवून म्हणाले, "मावशी, तुम्ही स्टिअरिंग उशिरा फिरवता."

नांदेडला गाडी शिकताना आमची ओळख झाली. मी बँकेत नोकरी करणारी, तिशीतली. त्या अर्धापूरकडच्या, केळीची शेती करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांचे यजमान, अण्णा, जन्मभर स्वतः गाडी चालवत आलेले. लकवा झाला, उजवी बाजू गेली आणि गाडी शेडमध्ये पडून राहिली. आठवड्यातून तीनदा दवाखान्यातल्या व्यायामासाठी त्यांना नांदेडला आणावं लागे, आणि दर वेळी कुणाची तरी मनधरणी करावी लागे. एकदा येतो म्हणालेला ड्रायव्हर आलाच नाही. अण्णा कपडे करून दुपारपर्यंत दारात बसून राहिले. दुसऱ्याच दिवशी अक्कांनी शिकाऊ परवान्याचा अर्ज भरला.

नापास झालं की सात दिवस थांबून पुन्हा चाचणी देता येते. ते सात दिवस मी नशिबाला बोल लावण्यात घालवले. दुसऱ्यांदाही आम्ही दोघी नापास झालो. अक्का म्हणाल्या, "बरं झालं मॅडम. अजून कुठं कच्चं हाय ते कळलं."

तिसऱ्या खेपेला मी पास झाले. माझ्यामागून अक्का. खांबांच्या मधून गाडी उलटी घ्यायची होती. त्यांनी ती सावकाश आणली, थांबवली. निरीक्षक दुसऱ्या बाजूला उभे होते. "झालं मावशी, या बाहेर," ते म्हणाले. मी टाळी वाजवायला हात उचलले, तोच अक्कांचा आवाज आला.

"साहेब, मागल्या खांबाला लागलं. हळूच लागलं, पण लागलं."

साहेब फिरून मागे गेले. खांब जरासा कलला होता. त्यांनी अक्कांकडे बराच वेळ पाहिलं आणि कागदावर नापास लिहिलं.

तीनदा नापास झाल्यावर साठ दिवस थांबावं लागतं. अक्कांच्या शिकाऊ परवान्याचे जेमतेम पासष्ट दिवस उरले होते. म्हणजे एकच संधी. ती हुकली तर सगळं पहिल्यापासून. फाटकाबाहेर मी चिडलेच. "कशाला सांगितलंत अक्का? त्यांना दिसलंसुद्धा नव्हतं!"

"मला कळलं ना," त्या म्हणाल्या. "ह्यांना शेजारी बसवून न्यायचंय मला. अर्धं अंग चालत न्हाई त्यांचं. काही झालं तर पटकन उतरता बी येणार न्हाई."

महिनाभराने एका रविवारी मी त्यांच्या शेतावर गेले. केळी काढलेल्या मोकळ्या रानात पांढरी फक्की ओढून त्यांनी चाचणीचा अख्खा मार्ग आखला होता. खांबांच्या जागी केळीचे बुंधे रोवलेले. गाडीत अक्कांच्या शेजारी अण्णा बसलेले, डाव्या हाताने खुणा करत होते. बुंधा पडला की अक्का उतरायच्या, तो पुन्हा रोवायच्या, पुन्हा गाडी मागे घ्यायच्या. "सकाळपासून करून राहिले," त्या घाम पुसत म्हणाल्या, "आज दोनच पडले." परवाना माझ्या पर्समध्ये होता; गाडी चालवणं म्हणजे काय, ते मी बांधावर उभी राहून पाहत होते.

चौथ्या चाचणीला मी रजा काढून गेले. तेच निरीक्षक. या वेळी ते गाडीच्या मागे मागे स्वतः चालत राहिले. एकही खांब हलला नाही.

"मावशी, पास."

"मागून नीट बघितलं ना साहेब?"

"बघितलं मावशी," म्हणत त्यांनी हात जोडले.

पुढे माझी बदली लातूरला झाली. निघायच्या दिवशी अण्णांचा व्यायाम आटोपून अक्काच मला बसस्थानकावर सोडायला आल्या. अण्णा पुढे त्यांच्या शेजारी, मी मागे, सामानाच्या गर्दीत. कानाशी हॉर्न, समोर रिक्षा, मध्येच एखादा ट्रक. अक्कांचे हात स्टिअरिंगवर शांत. एवढे दिवस मनात साठलेलं सगळं आता सांगून टाकावं म्हणून मी पुढे वाकले. "अक्का, तुम्हाला एक सांगू?"

"हळू बोला मॅडम," त्या रस्त्यावरची नजर न काढता कुजबुजल्या. "ह्यांचा डोळा लागलाय."