खड्डा आला, उठ

सोमाटण्याच्या चौकात ट्रकला चुकवताना मी सायकलवरून आडवी झाले आणि खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण माझ्या वडिलांची, आबांची भीती काही गेली नाही. त्यांनी सायकलचं मागचं चाक बैठकीच्या खोलीत जागच्या जागी फिरवायच्या लोखंडी ट्रेनरवर चढवून घेतलं. "घरात चालव की, कोण न्हाई म्हनतंय?"

माझ्या पायाला जन्माची भिंगरी. समोर भिंत बघत तासभर पॅडल मारायचं म्हणजे शिक्षाच, आणि त्यात ते सीट! अर्ध्या तासात बूड असं ठणकायचं की मी घरादारावर खेकसायचे. सीटला मऊ जेलचं कव्हर आणलं, त्यानं उलट जास्तच सोललं. आईनं जुन्या वाकळेची घडी शिवून दिली, तर म्हशीवर बसल्यासारखी डुलायला लागले. सीट वर केलं, खाली केलं, पुढं वाकवलं. छे!

आबांनी जन्मभर टेम्पो चालवलेला. एका दुपारी चहा पिताना ते म्हणाले, "दगडावानी बसून ऱ्हातीस. रस्त्यावर खड्डा आला की सीटवरनं उठतीस का न्हाई?"

उठते की! बाहेर रस्ताच उठवतो. घरातली फरशी कशाला उठवेल?

मग ते रोज शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. डोळे मिटून शिरगावपासून सोमाटण्याकडचा रस्ता सांगायचे. "ब्रेकर आला, उठ. बस आता. खड्डा, उठ." मी उठायचे, टेकायचे. ठणका लय कमी झाला. पण सोमाटण्याचा चौक जवळ आला की ठरलेलं, "हितनं माघारी वळ." खोलीत कसलं आलंय वळणं! तरी मी वळायचे आणि आतल्या आत धुमसायचे. बूड शांत झालं, जीव काही होईना.

परवा ते "वळ" म्हणाले आणि मी म्हटलं, "नाही वळत." पॅडल तसंच दामटलं. आबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आता हे उठून जाणार, असं वाटलं.

"डावीकडनं ट्रक येतोय," ते म्हणाले. "थांब. जाऊ दे त्याला."

मी पाय थांबवले.

"आता जा."

आम्ही चौक ओलांडला. आबांनी डोळे उघडले, कपाळावरचा घाम पुसला.

"उद्या सकाळी सायकल रस्त्यावर काढ," ते म्हणाले. "मी गाडीवर मागनं येतो."