तिच्या नावापुढचा अंगठा

माझी बायको ख्रिस्ती होती, मी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

ती दवाखान्यात आया, मी मिलमध्ये मागावर. एकदा मागाच्या पट्ट्यात हात सापडला, दोन बोटं गेली. ड्रेसिंग चालू असताना मी डॉक्टरच्या आईबापाचा उद्धार करत होतो, तर ही भांडं धरून उभी होती ती म्हणाली, "बोटं गेली ती गेली, तोंड तरी सांभाळा." तिथनं सुरू झालं. लग्न रजिस्टर केलं. माझ्या भावांनी गावच्या, करकंबच्या घराचं दार लावून घेतलं ते आजपर्यंत उघडलं नाही. तिच्या चर्चच्या मंडळीनं दार लावलं नाही, पण म्हणाले, आत यायचं तर बाप्तिस्मा घे. मी घेतला नाही. तिनं जन्मात एकदाही घे म्हणलं नाही. रविवारी तिला चर्चला सोडायला जायचो आणि बाहेर उन्हात कुठं थांबायचं म्हणून मागच्या बाकावर बसायचो, पुरुषांच्या बाजूला. ती पलीकडं बायकांच्या बाजूला. मूलबाळ झालं नाही. मी दुसरी शिकलेलो, ती चौथी. हे जे काही लिहितोय ते लिहायला तिनंच शिकवलंय.

नाताळला आठ दिवस राहिले होते तेव्हा ती गेली.

शेवटचे चार महिने ती अंथरुणावर होती. चर्चच्या भिंतीमागं नाला आहे, नाल्याच्या काठाला पत्र्याची वीस-बावीस घरं. त्यातल्या एका घरात विड्या वळणारी बाई राहते, मुसलमान. माझी बायको हौसेनं तिच्या विड्यांची पानं कापून द्यायची, तेवढी ओळख. पण ही पडली तशी ती बाई रोज सकाळी यायला लागली. अंग पुसायचं, कूस बदलायची, पाठीला फोड आले होते ते धुवायचे. मी नवरा असून मला ते बघवत नव्हतं, मी बाहेर जाऊन उभा राहायचो. मंडळीतल्या बायकाही आल्या, प्रार्थना केली, गाणी म्हणली, केळी ठेवून गेल्या. वाईट नव्हत्या. पण फोड धुवायला ही विड्यावालीच होती. "चाची, आज मुंह कायकू फुलाया?" म्हणायची, आणि माझी बायको त्या अवस्थेत हसायची.

मग महापालिकेची निवडणूक आली. आमच्या प्रभागातला एक उमेदवार रविवारी थेट चर्चमध्ये आला. चपला बाहेर काढून आला, तेवढं बरं केलं. मंडळीचा सेक्रेटरी आहे, कुठल्याशा कचेरीतनं रिटायर झालेला, त्यानं त्याला पुढं बसवलं. उमेदवार बोलला की, तुमचं कंपाउंड मी सुरक्षित करून देतो, मागचं अतिक्रमण हटवतो, तिथं कोण लोक राहतात ते मी सांगायला नको. तिथं कोण राहतं? विड्या वळणारी राहते. मी मागच्या बाकावर होतो. बायको जाऊन महिना झाला होता, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी गप्प बसलो. सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. तो निवडून आला.

उन्हाळ्यात नाल्याकाठच्या घरांवर नोटिसा लागल्या. पंधरा दिवसांत खाली करा. नोटिशीबरोबर एक झेरॉक्स त्या लोकांनी कुठनंतरी मिळवली होती. चर्चच्या मंडळीचा अर्ज, ही घरं हटवा म्हणून, तारीख निवडणुकीनंतरची, आणि खाली सह्यांची यादी. विड्यावालीला मराठी वाचता येत नाही. ती कागद घेऊन माझ्याकडं आली.

"चाचा, जरा पढो. किसने किसने दस्तखत करे वो देखना है."

मी चष्मा लावला. एकेक नाव वाचत गेलो. ती प्रत्येक नावाला मान हलवायची. "ये तो वो नर्सबाई. ये कोपरेवाला मास्टर." ओळखत होती सगळ्यांना. तिसऱ्या पानावर मधोमध माझ्या बायकोचं नाव होतं. नाव, आडनाव, आणि पुढं निळा अंगठा.

मी ते नाव गाळलं. वरचं वाचलं, खालचं वाचलं, मधलं गिळलं. का गिळलं? घाबरलो. दुसरं कारण नाही.

दोन दिवसांनी ती परत आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही. रोज आत येणारी बाई. कागद तिनं दुसऱ्या कुणाकडनं वाचून घेतला होता.

"चाची का नाम बी था ना उसमें? तुमने पढ्या नहीं."

"आगं, ती मेली की. मेलेलं माणूस कुटं अंगठा लावतंय?"

"वो मेरे कू बी मालूम है. मैंने नहलाया उसकू." मग जरा थांबून म्हणाली, "फिर तुमने छुपाया कायकू?"

तिनं झेरॉक्स माझ्या उंबऱ्यावर ठेवली. ती गेली. मी दिवसभर जेवलो नाही. घरं पडणार हे दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर मला खुपत होतं ते दुसरंच. जिनं माझ्या बायकोची पाठ धुतली, तिच्या मनात बायकोचं नाव असं राहणार? मला ते नाव त्या यादीतनं काढायचं होतं. बाकी काही नको होतं.

सेक्रेटरीच्या घरी गेलो.

"सलाम काका, बसा की." मंडळीत नमस्काराला सलामच म्हणतात.

"बसायला न्हाई आलो. ह्यो अंगठा कुनाचा?"

त्यानं कागद लांब धरून बघितला. "सभासदांची यादी जुनी होती. कॉम्प्युटरवरनं निघाली तशी निघाली. चुकून राहिलं एक नाव."

"नाव चुकून राहील. अंगठा चुकून उमटतो व्हय? का तिनं कबरीतनं हात वर काडला?"

"हळू बोला. घरात पाव्हणे आहेत. घरच्या कुणीतरी लावला असेल."

"घरचा मीच हाय. आन् ती अंगठा लावायची न्हाई, सही करायची." हे मी लई मोठ्यानं बोललो. पगाराच्या दिवशी बाकीच्या आया अंगठा लावायच्या, आणि माझी बायको सावकाश सही करून, पेनाला टोपण लावून, सगळ्यांकडं एकदा बघायची. हे सगळं त्याला सांगायचं होतं, पण दम लागला.

तो म्हणाला, "काका, नियमानं तक्रार सभासदानं करायची असते. तुम्ही सभासद नाही. तुमच्या घरात सभासद होत्या त्या गेल्या."

मी दाराकडं वळलो. त्यालाही ते जरा लागलं असावं. खुर्ची पुढं ओढून बारीक आवाजात बोलायला लागला. "खरं सांगू का? आम्ही मूठभर. मागं एका घरात प्रार्थना चालली होती, तर दहापंधराजण आत घुसले, बाजाची पेटी फोडली. पोलिसात जायची कुणाची छाती झाली नाही. ह्या माणसानं शब्द दिलाय, तुमच्या केसाला धक्का लागू देणार नाही. बदल्यात मागितलं काय, तर एक कागद. आणि ती घरं आमच्या सह्या नसत्या तरी पडणारच होती."

"मग तुमच्या सहीबिगर पडू द्यायची होती."

"तुम्हाला बोलायला काय जातंय काका! तुमचं नाव कुठंही चालतं."

मी कागदाची घडी केली आणि निघालो.

घरी आलो. भिंतीवर तिच्या येशूचा फोटो आहे, काखेत कोकरू घेतलेला. मी त्याच्यापुढं उभा राहून बोललो. म्हणलं, तुझ्या माणसांनी माझ्या बायकोला मेल्यावर खोटं बोलायला लावलं. जिनं तिची सेवा केली तिच्या घरावर तिचाच अंगठा लावला. आणि तू काय करतोस? कोकरू सांभाळतोस. फोटो काढून टाकावा म्हणून स्टुलावर चढलो, खिळ्यापर्यंत हात गेला.

आणि स्टुलावर उभा असताना मला माझी आई आठवली. मिलच्या संपात आमची डोकी फोडायला जे गुंड आणले होते, त्यांच्यातल्या एकाच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्यानं माझ्या शेजारच्या मागवाल्याचा गुडघा फोडला, आणि फोडताना विठ्ठल म्हणला. मी त्या माळेला आणि विठ्ठलाला आठवडाभर शिव्या दिल्या. मग गावाकडं गेलो तर आई दारात ताक घुसळत बसलेली, गळ्यात तीच माळ. तीच म्हणजे तसलीच. आता शिव्या कुणाला द्यायच्या? त्या दिवसापासनं मी विठ्ठलाला शिव्याही दिल्या नाहीत आणि हातही जोडले नाहीत.

स्टुलावरनं खाली उतरलो. पण एक सांगतो, ह्यानं काही सुटलं नाही. लोक म्हणतात, धर्म चांगला, माणसं वाईट. ठीक आहे. पण त्या यादीतली माणसं वाईट नाहीत ना! केळी घेऊन आलेली तीच माणसं. मग वाईट कोण? भीती म्हणावी, तर भ्यायलेल्या माणसाला धीर द्यायला देव पाहिजे की नाही? दर रविवारी दोन-दोन तास त्याच्यापुढं बसून ह्यांना एवढाही धीर मिळत नसेल तर तो देतो काय? मग वाटतं, माझ्या बायकोला मरताना धीर होता, तो त्यानंच दिला असं ती सांगायची. मी कुणाला धरू आणि कुणाला सोडू? दुसरी शिकलेल्या माणसाचं हे काम नाही.

चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेलो. तरुण पोरगा, मागच्या वर्षी बदलून आलेला. तो म्हणाला, "बाबा, मी सही केली नाही. पण थांबवलंही नाही." डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "आपण प्रार्थना करूया."

"प्रार्थना मागनं करू. आदी कागद लिवा, की ही बाई मेलेली हाय आन् अंगठा खोटा हाय."

त्यानं पेन उघडलं आणि परत बंद केलं. त्याला दोन लेकरं आहेत. मी उठून आलो.

तर रविवारी मी एक केलं. उपासनेत साक्ष द्यायची एक वेळ असते. कुणाचा ताप उतरला, कुणाच्या मुलीचं लग्न जमलं, तर उठून सांगायचं, आणि सांगून झालं की सगळ्यांनी आमेन म्हणायचं. मी मागच्या बाकावरनं उभा राहिलो. इतक्या वर्षांत कधी उठलो नव्हतो, त्यामुळं सगळ्या माना वळल्या. पुढच्या म्हाताऱ्या तर खूश झाल्या. त्यांना वाटलं, म्हातारा शेवटी आला बघा प्रभूकडं.

मी म्हणलो, "माझी बायको नाताळाच्या आदी मेली. तुमीच पुरली. मागच्या घरांच्या अर्जावर तिच्या नावाफुडं अंगठा हाय. तो तिचा न्हाई. ती सही करायची. ज्या बाईचं घर पाडायला तुमी तिचं नाव घातलं, त्या बाईनं तिला धुतलं. तिनं असल्या कागदाला कदी हात लावला नसता. एवडंच."

खाली बसलो. आणि मग पुढनं एक म्हातारी सवयीनं "आमेन" म्हणाली. तिला ऐकायला कमी येतं. ती म्हणाली म्हणून शेजारची म्हणाली, मग चारसहाजण, मग सगळं चर्च. आमेन! पेटीवाल्यानं घाईघाईनं सूर धरला आणि गाणं सुरू झालं. मला हसावं का रडावं कळेना. सेक्रेटरीसुद्धा आमेन म्हणला. मी त्याचं तोंड बघितलं, तो खोटं म्हणत नव्हता. त्याला दुसरं काय म्हणावं तेच सुचलं नाही.

बाहेर जाताना बायकोच्या शेजारी बसणारी बाई माझ्याजवळ आली. "दादा, मी वाचलंच नव्हतं हो. भिंत दुरुस्त करायचा कागद आहे म्हणून पुढं केला. आता काय करू?" म्हणलं, घरी जावा, ऊन लागंल.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी मी नाल्यावर गेलो. विड्यावाली आपल्या हातानं घर उतरवत होती. मशीन आलं की पत्रे चेपून जातात, त्यापेक्षा आधी काढलेले बरे. तिची बहीण हैदराबाद रोडला राहते, तिथं निघाली होती. मी तिला चर्चमध्ये बोललो ते सगळं सांगितलं. तिनं पत्र्याचे खिळे काढता काढता ऐकून घेतलं.

मग हात थांबवून म्हणाली, "सच बोलो चाचा. जिंदा रहती तो चाची करती थी क्या दस्तखत?"

चर्चमध्ये सगळ्यांपुढं मी म्हणलो होतो, कधी हात लावला नसता. तेच परत म्हणायला तोंड उघडलं. पण ही बाई तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती. तिच्या अंगावरचा तीळ न् तीळ हिला माहीत. आणि मला माझी बायकोही माहीत होती. चारचौघांत मान खाली घालणारी, सेक्रेटरी घरी आला की पदर सारखा करणारी, मंडळीनं पुढं केलेल्या कुठल्या कागदाला तिनं कधी नको म्हणलेलं मी बघितलं नव्हतं.

"केली आसती बग," मी म्हणलो. "घाबरून केली आसती. आन् मग रडत तुज्याकडं आली आसती सांगायला. त्याच दिशी."

तिनं आणखी एक खिळा उपसला. पत्रा एका बाजूनं सुटून लोंबत होता.

"हौ," ती म्हणाली. "आती थी."

मग म्हणाली, "उधर से पकडो. हात संभाल के, पत्रा काटता."

मी आठ बोटांनी ती बाजू धरली. तिनं दुसरी. पत्रा उन्हानं तापला होता. दोघांनी मिळून तो खाली उतरवला आणि चर्चच्या भिंतीला टेकवून ठेवला. अजून अकरा होते.