भिंगावरचं बोट

आमच्या रेवदंड्यात कॅमेरा बाहेर काढला की आधी चालू असलेलं काम बंद पडायचं. जाळं विणणारा सुई खाली ठेवायचा. पाणी नेणारी बाई घागर उतरवून पदर सारखा करायची. एकदा सहा जण होडी वर ओढत होते. मला बघितल्याबरोबर दोर सोडून ओळीत उभे राहिले आणि होडी मागच्या मागे चिखलात घसरत गेली. हात मांड्यांना चिकटवलेले, मान ताठ, डोळे वटारलेले, श्वाससुद्धा कोंडून धरलेला. मी ओरडायचो, "अरे बाबांनो, तुमचं काम चालू द्या ना!" त्यावर ठरलेलं उत्तर : "न्हाय मास्तर, तू काढ आदी. मंग आमी करतो काम."

मला नेमकं ते कामच हवं असायचं, हे मी त्यांना कितीदा सांगितलं असेल! शेवटी सांगायचं सोडून दिलं.

मी पोस्टात कारकून, पण कोळीवाड्यात मला सगळे मास्तरच म्हणत. कॅमेरा मेहुण्याने दिलेला, जुना. काळी पेटी, पुढे भिंग, वर बोटभर काच. पेटी पोटाशी धरून त्या काचेत वाकून बघायचं. एका रोलमध्ये आठ फोटो. रोल आमच्याकडे मिळत नसे. कुणी मुंबईहून रेवसच्या लाँचने येणार असेल तर त्याला आर्जवं करायची, आणि तो हमखास विसरून यायचा. धुवायला अलिबाग. म्हणजे महिना-दीड महिना त्या आठ फोटोंवर काढायचा, आणि त्यातले सहा हे असे, पोलीसपाटलापुढे उभे केल्यासारखे. तळपायाची आग मस्तकात जायची.

माझे नियम कडक होते. ऊन तिरपं आहे तोवरच काढायचं. नऊ वाजले की पेटी बंद. ऊन पाठीशी नको, बाजूने हवं. सात-आठ पावलांच्या आत जायचं नाही, कारण त्या भिंगाला जवळचं काही धड दिसत नसे. आणि थांबायचं. वाळूवर उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत एक कुत्रं येऊन बसावं म्हणून मी एका रविवारी दोन तास उभा होतो. बायको म्हणाली, "समुद्र काही पळून जात नाही. दळण मात्र गिरणीत पडलंय." कुत्रं आलं नाहीच, आणि दळणही मलाच आणावं लागलं.

आता जे लिहितोय ते बायकोलाही सांगितलं नव्हतं. या ताठ उभं राहण्यावर मी एक तोड काढली. लोक ओळीत उभे राहिले की पेटी पोटाशी धरायची, वाकून बघितल्यासारखं करायचं, डाव्या हाताचं बोट हळूच भिंगावर ठेवायचं आणि खटका दाबायचा. आवाज व्हायचा, पण भिंग झाकलेलं, उजेड आत जात नसे आणि फिल्म कोरीच राहायची. "निघाला?" "निघाला." सगळे खूश. मग ते कामाला वळले की बोट काढून खरा फोटो घ्यायचा. एक फोटो वाचला, आणि हवा तो मिळाला. माझं बोट समोरच्यांना चांगलं दिसत असणार. पण कॅमेरा असाच धरतात, असं त्यांना वाटत असावं. त्यांना काय ठाऊक! मला या अकलेचा अभिमान होता, हेही लिहून टाकतो.

आमच्या दारी मासळी घेऊन येणारी एक कोळीण होती. साधारण माझ्याच वयाची, तोंडाची फटकळ. ती एकदा म्हणाली, "मास्तर, माजे सासूचा फोटू काढ. म्हातारी हाय तवर काढ. घरात तिचा याक पन फोटू न्हाय, मागारी भिताडावर लावाला काय तरी पायजे ना!"

मी हो म्हटलं, कारण तिच्या अंगणात बोंबील सुकायचे. बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधलेल्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. ती म्हातारी हे काम न बघता करायची, दुसरा हात पुढच्या जोडीवर गेलेला असायचा. तो हात मला हवा होता. रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

सकाळी सातला गेलो. म्हातारी घरात नटत होती. आठ वाजले. शेजारून खुर्ची आली. ट्रंकेतलं ठेवणीचं लुगडं आलं, त्याला डांबरगोळ्यांचा वास. मग वेणी. म्हातारी आतून ओरडत होती, "मी काय मेली हाय का, टांगाला मना?" आणि सून म्हणत होती, "मरशील तवा सांगाला येशील का, फोटू काढा म्हून?" बाहेर सगळे हसत होते. मी एकटा ऊन बघत होतो. ते दोरीवरून खाली उतरायला लागलं होतं.

अखेर म्हातारी खुर्चीवर बसली. हात गुडघ्यांवर, नजर सरळ माझ्याकडे. ती हसलीही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडे असं बघणार होतं, म्हणून ती अगदी नीट बसली होती. मी बोट ठेवलं आणि खटका दाबला.

"निघाला?"

"निघाला, आजी."

ती उठली, लुगडं वर खोचलं आणि त्याच ठेवणीच्या लुगड्यात बोंबलांकडे गेली. पाठ वाकलेली, हात दोरीवर, बोंबलांतून ऊन आरपार. मी बोट काढलं.

फोटो उत्तम आला. मुंबईच्या एका साप्ताहिकाने छापलासुद्धा, अर्धं पान. खाली माझं नाव होतं, तिचं नव्हतं. तोंडच दिसत नव्हतं, तर नाव कोण विचारणार?

सून दर दोन-चार दिवसांनी यायची. "मास्तर, फोटू?" आधी म्हटलं, रोल संपायचाय. मग, धुवायला गेलाय. मग, खराब निघाला. "मंग परत काढ की." काढतो म्हणालो. म्हातारी त्यानंतर वर्षभर जिवंत होती. मला एक फोटो खर्च करायचा होता, बस्. पण ती परत तासभर नटेल, ऊन जाईल, याच विचाराने मी टाळत राहिलो. सुनेची हाक आली की चिडायचो, "आली पुन्हा!" म्हणून आतल्या खोलीत जायचो. चुकलो मी आणि राग तिचा यायचा. पावसाळ्यात म्हातारी तापाने गेली.

महिन्याभराने सून आली, टोपली ओट्यावर उतरवली. "मास्तर, ती काळी पट्टी दे. अलिबागचा फोटूवाला बोलतो, खराब असली तरी कायतरी काढून देईन. नाकडोळा दिसला तरी बास."

निगेटिव्हची पट्टी द्यायची म्हणजे म्हातारीची पाठच द्यायची. आणखी एक थाप सहज मारता आली असती. उंदरांनी खाल्ली म्हणालो असतो तरी तिने ऐकून घेतलं असतं. पण तिने अलिबागला जाऊन चौकशी केली होती. मी आत जाऊन साप्ताहिकाचं पान आणलं.

"ही कोन?"

"तुझी सासू."

तिने पान उन्हात धरलं. "व्हय. लुगडं तिचाच हाय. मंग तोंड?"

मी सांगितलं. नीट सांगता येईना, तेव्हा ती म्हणाली, "दाकव कसं केलास." पेटी आणली, पोटाशी धरली आणि भिंगावर बोट ठेवलं.

ती बोटाकडे बघत राहिली. "मी बघितलावता तुजा बोट. नवऱ्याला बोलली पन, मास्तरचा बोट पुढं येतंय. तो बोलला, तू गप, त्याला कलतंय."

मी म्हणालो, हे पान घे, मोठं करून देतो, चौकटीत बसवून देतो.

"आनि पाठीला हार घालू?"

एवढं बोलून तिने टोपली उचलली. मासळी न देताच गेली. बायको बाहेर आली आणि विचारू लागली, सरंगा का घेतला नाहीत. तिलाही तेव्हाच सगळं सांगितलं. ती चुलीशी गेली.

दुपारपर्यंत कोळीवाडाभर झालं. दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या खिडकीशी माणसं यायला लागली, तिकिटं घ्यायला नव्हे. माझ्या बापाचा काढला होतास, त्यावर बोट होतं का? लग्नातला आमचा? आमच्या पोरीचा, ती सासरी गेली तेव्हाचा? काहींना फोटो मिळाले होते, त्यांना बोट नव्हतं एवढं सांगून मोकळा झालो. बाकीच्यांना काय सांगू? मी कधी टिपून ठेवलं नव्हतं, आणि खराब निघालेल्या पट्ट्या फेकून देत असे. किती वेळा बोट ठेवलं, कुणाकुणासमोर, काही आठवेना. खराब निघाला, हे मी दोन्ही वेळा म्हणत असे, खरोखर खराब निघाला तरी आणि काढलाच नसला तरी.

शेवटी एक म्हातारा तांडेल आला. त्याच्या हाताखाली आयुष्यभर होडी होती आणि बरोबर धाकटा भाऊ. भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. दोघांना मी होडीसमोर उभं केल्याचं मला पक्कं आठवत होतं. खांद्यावर हात टाकून उभे होते, आणि मी मनात शिव्या देत होतो.

"बोट होता का नवता, येवडाच सांग."

"आठवत नाही, तांडेल."

तो पायरीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आठव," म्हणाला. "मना घाई न्हाय."