नाक्यावरची खोली की विहिरीजवळची

सासूबाईंनी पाटल्या मोडल्या तेव्हा घरात कुणाला विचारलं नाही. भिवंडीत एक खोली घ्यायची, भाड्यानं द्यायची आणि म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. खोली पारखायला बरोबर मला घेतलं, कारण घरात मॅट्रिक झालेली मी एकटीच. मॅट्रिकला खोल्या पारखायला शिकवत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार?

पहिली खोली धामणकर नाक्यामागे, कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याला भिंत लागून. तिचे मालक, एक वयस्कर चाचा, शुक्रवारी मोकळे असत, म्हणून आम्ही आमच्या कोन गावाहून शुक्रवारी गेलो. गल्ली गपगार. मी खूश होऊन म्हटलं, "किती शांत आहे!" चाचा हसले. सासूबाई पदरात हसल्या. माझं माहेर मुरबाडकडचं, शुक्रवारी लूम बंद असतात हे मला कुठून ठाऊक?

मंगळवारी पुन्हा गेलो. खटाखट, खटाखट! माठातलं पाणीसुद्धा थरथरत होतं. "इथं झोपणार कोण?" मी ओरडूनच विचारलं.

"झोपायला जागा न्हाय, बाई, इतके कामगार झोपतात," चाचा म्हणाले. "रातपाळीवाले आले का दिवसपाळीवाले उठतात. वळकटी थंड व्हत न्हाय. लूम बंद पडला तरच जाग येते त्यांना."

मी चक्रावले. म्हणजे आवाज हा दोष की गुण?

दुसरी खोली खारबावच्या रस्त्याकडे, विहिरीजवळ. स्वच्छ, हवेशीर, दारापुढे रुंद ओटा. पण नाका लांब. पाळी संपवून दमलेला माणूस एवढं चालेल का? आणि कुटुंबवाला आला तर तो नाक्यावर कशाला राहील? मी घरी येऊन भाकरी थापता थापता एकदा ही खोली घ्यायची ठरवायचे, एकदा ती. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे, "आईचं आई बघेल." जावेला विचारलं तर ती म्हणे, "दोन्हीकडं डास हायतच." एकानं तरी सरळ उत्तर द्यावं!

शेवटी मी नाक्यावरच्या खोलीच्या बाजूनं कौल दिला. भाडंच हवंय ना, मग वळकटी थंड न होणारी खोली बरी. सासूबाईंनी मान हलवली आणि विहिरीजवळची घेतली.

मला राग आला. मग विचारलं तरी कशाला? वर त्यांचं वागणं आणखीच कळेना. खोली बघायला एक मास्तर आले, त्यांना म्हणाल्या, पावसात गळते. गळत नव्हती. एक नवं जोडपं आलं, त्यांना म्हणाल्या, विहीर खोल हाय, पोरंबाळं झाल्यावर भीती. मी कपाळाला हात लावला. पाटल्या गेल्या, भाडंही नाही, आणि ही बाई माणसं हाकलते! वय झालं, डोकं फिरलं, असंच मी नवऱ्याला सांगत होते.

मग एका सकाळी त्यांनी ट्रंक भरली. दोन लुगडी, तांब्या, देवघरातला छोटा बाळकृष्ण.

"आई, भाडेकरू मिळाला?"

"मिळाली."

"कोण?"

"मी."

तेव्हा कुठे आठवलं, त्या खोलीत मी दार, मोरी, खिडकी बघत होते तेव्हा त्या ओट्यावर बसून पाय लांब करून बघत होत्या. ऊन कुठवर येतं ते विचारत होत्या. तांदूळ निवडायला जागा पुरेल का, हेसुद्धा.

"इथं काय कमी होतं तुम्हाला?" मी विचारलं. रडूच येत होतं.

"काय न्हाय गं," त्या म्हणाल्या. "पण इथं मी कवाबी कुणाला 'बस' म्हनलं न्हाय. घर सासऱ्याचं, मग नवऱ्याचं, आता पोराचं."

पुढच्या शुक्रवारी मी भाकरी घेऊन गेले. त्या ओट्यावरच होत्या. मला बघून सरकल्या, पदरानं जागा पुसली आणि म्हणाल्या, "ये, बस."