मुंग्यांचं मशीन

माझ्या पहिल्या बाळंतपणासाठी मुद्दाम इंग्लंडहून आणलेलं कळा कमी करायचं मशीन माझे वडील कंबरेला लावून नाशिकला गेले आणि त्याच दिवशी मला कळा सुरू झाल्या. स्टाफरूममध्ये हा किस्सा मी रंगवून सांगते. बायका पोट धरून हसतात, मीही हसते. पण खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मला त्यात एकदाही हसू आलेलं नाही. राग येतो. आजही येतो.

गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. मी जव्हारला शाळेत शिकवत होते, नवरा तिथेच एका सरकारी कचेरीत कारकून. माहेर मोखाड्याला. वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. थोरली ताई मुंबईत नर्सिंग शिकून इंग्लंडला गेली होती आणि तिकडे बाळंतिणींच्या वॉर्डात काम करत होती.

मला बाळंतपणाची भीती वाटायची. साधीसुधी नाही, घास उतरू नये इतकी. हे बोलायची सोय नव्हती. बोलले की उत्तर ठरलेलं, सगळ्यांनाच होतं, तू काय जगावेगळी आहेस? ताई एकटी तसं म्हणाली नाही. मला सातवा महिना असताना ती सुट्टीवर आली आणि येताना साबणाच्या वडीएवढं एक मशीन घेऊन आली.

टेन्स मशीन, ती म्हणाली. त्याला बारीक वायरी आणि वायरींच्या टोकांना चार चिकटपट्ट्या. दोन पाठीवर वर लावायच्या, दोन खाली कंबरेवर. सेलवर चालतं, त्यामुळे आमच्याकडे वीज असली काय, नसली काय. चालू केलं की पाठीला मुंग्या येतात आणि दुखण्याची वर्दी डोक्यापर्यंत पोचायला अडथळा होतो.

"कळ आली की हे बटण दाबायचं, जोर वाढतो. ओसरली की सोडायचं," ताईने सांगितलं. "कळा थांबत नाहीत. पण बटण तुझ्या हातात असतं. तेच मोठं असतं बघ. फक्त सुरुवातीलाच लावायचं. कळा चढल्यावर लावून फार उपयोग नाही. आणि पाठीला तेल लावू देऊ नकोस कुणाला, पट्ट्या चिकटत नाहीत."

बटण माझ्या हातात असेल, हे ऐकून त्या महिन्यात पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

दिवस भरेपर्यंत ते मला लावून बघता येणार नव्हतं. म्हणून कसं लावायचं हे दाखवायला ताईने ते आप्पांच्या कंबरेवर लावलं आणि बटण माझ्या हातात देऊन दाबायची-सोडायची सवय करून घेतली. तिथेच सगळं बिनसलं.

आप्पांची कंबर हा आमच्या घरातला मोठा विषय होता. ती धरली की रेडिओ बंद व्हायचा, आम्ही पायांच्या बोटांवर चालायचो आणि आई चुलीवर विटा तापवून फडक्यात गुंडाळून शेकायला द्यायची. शेजारीपाजारी विचारपूस करून जायचे. गुरुजींची कंबर आज कशी आहे, हे वाण्यालाही माहीत असायचं. आईलाही कंबर होती, पण ती धरल्याचं कुणाच्या कानावर नव्हतं.

मुंग्या सुरू झाल्या तसे आप्पा दचकले. मग डोळे मिटून पडून राहिले. "अरे वा," एवढंच म्हणाले. बऱ्याच वेळाने उठले आणि कुणाचा आधार न घेता अंगणात जाऊन आले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई मला म्हणाली, बघितलंस ना कसं लावायचं? मी बघितलं होतं.

ताई परत गेली. बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून मशीन तिथेच आईच्या कपाटात ठेवलं. नवव्या महिन्यात मी मोखाड्याला आले तेव्हा ते कपाटात नव्हतं, आप्पांच्या कंबरेवर होतं. रोज दुपारी जेवणानंतर ते पालथे पडायचे, आई पट्ट्या लावायची. काढल्या की पाण्याने पुसून आरशाच्या काचेवर चिकटवून ठेवायची. आरशात बघून कुंकू लावायचं तर त्या पट्ट्यांच्या फटीतून बघावं लागे. गल्लीत त्याचं नावही पडलं होतं, मुंग्यांचं मशीन. चौकोनी सेल मोखाड्यात मिळायचा नाही, तो आप्पांनी जव्हारहून मागवला होता. माझ्याच नवऱ्याकडून.

"आप्पा, ते माझ्यासाठी आहे," मी एकदा म्हणाले.

"तुझंच आहे गं बाई. मी काय खातोय का ते?" ते हसून म्हणाले. आप्पा वाईट माणूस नव्हते. तेच तर अवघड आहे. वाईट असते तर मी भांडले असते.

आईजवळ विषय काढला तर ती म्हणाली, "तुला लागंल तेव्हा आहेच की. तवर मशीननं नुसतं पडून राहायचं?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या तारखेला आठवडा होता. आप्पा सकाळच्या एसटीने नाशिकला पुतण्याच्या साखरपुड्याला गेले. मी अंथरुणातूनच त्यांना जाताना पाहिलं. ताठ चालत होते. दुपारी जेवून उठताना माझ्या कंबरेतून एक कळ पोटाकडे गेली. थोड्या वेळाने दुसरी. घाबरले, पण खरं सांगते, मनात एक धीर होता. मी स्वतः आरसा गाठला. काच स्वच्छ होती. कपाट उघडलं. खोकं होतं. खोक्यात इंग्रजीतलं माहितीपत्रक होतं आणि पट्ट्यांचं एक न फोडलेलं पाकीट होतं.

"आई, मशीन?"

ती भांडी घासत होती. उठली नाही. "घाटातले धक्के सोसत नाहीत ना त्यांना. लावूनच गेलेत. उद्या येतील की. तुला आठवडा होता ना अजून?"

"तुला माहीत होतं?"

"मीच लावून दिलं. मग काय, नको म्हणू त्यांना?"

"हो," मी म्हणाले.

आई माझ्याकडे बघतच राहिली. त्यांना नको म्हणता येतं, हे तिला कुणी पहिल्यांदाच सांगत असावं.

मग तिने हात धुतले, तेल कोमट केलं आणि माझी पाठ चोळायला बसली. ताईने तेलाला बंदी घातली होती. आता बंदी पाळायचं कारण उरलं नव्हतं.

शेजाऱ्यांच्या जीपने सरकारी दवाखान्यात गेलो. शेजारच्या खाटेवर लांबच्या पाड्यावरची एक बाई होती, मजुरी करणाऱ्या घरातली, माझ्याहून लहानच असेल. खाटेची दांडी धरून गप पडली होती. मी ओरडत होते. जोरात ओरडत होते. मास्तरांची मुलगी, स्वतः मास्तरीण, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं.

"हळू," आई म्हणायची. "ती बघ, ती कशी गप आहे."

कळ आली की माझा उजवा हात चादरीवर बटण शोधायचा. अंगठा आपोआप दाबला जायचा. दाबायला काही नव्हतं. ताईने मला नुसतं सांगितलं नव्हतं, माझ्या हाताला शिकवून ठेवलं होतं, आणि हाताला कळत नव्हतं की मशीन नाशिकला साखरपुडा खातंय.

"तुझ्या भावाच्या वेळी मी पदराचा बोळा कोंबला होता तोंडात," आई माझं कपाळ पुसत म्हणाली. "शाळा ओट्यावर भरली होती ना. पोरं पाढे म्हणत होती."

त्या पोरांत मी होते. आप्पांची शाळा तेव्हा आमच्याच ओट्यावर भरायची. दार लावलेलं होतं आणि आप्पा छडीने ठेका धरून सतराचा पाढा म्हणून घेत होते. मध्येच आत बाळ रडल्याचा आवाज झाला तेव्हा आप्पा म्हणाले, चला, आज सुट्टी. आम्ही टाळ्या वाजवल्या. दाराआड इतका वेळ काय चाललं होतं ते मला त्या दिवशी त्या खाटेवर पडल्या पडल्या कळलं. आईने ते अभिमानाने सांगितलं होतं. मला तिची कीव यायला हवी होती. मला तिचा संताप आला. स्वतःच्या तोंडातला बोळा काढून ती माझ्या तोंडात कोंबायला निघाली होती.

दिवे लागायच्या वेळी मुलगी झाली. शेजारच्या बाईलाही थोड्या वेळाने मुलगा झाला. तिने शेवटपर्यंत आवाज काढला नाही. सगळं आटोपल्यावर ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तुमी वरडलात, बरा झाला. माजा पन वरडून झाला."

त्या दिवसातलं एवढं एकच वाक्य मी जपून ठेवलंय. ते स्टाफरूममध्ये सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पा बर्फी घेऊन आले. नातीला बघून खरोखर हरखले. खुर्चीत बसताना म्हणाले, "काय मशीन आहे! अख्खा घाट आला नि गेला, कंबरेला पत्ता नाही." त्यांच्या शर्टातून एक बारीक वायर बाहेर आली होती, ती त्यांनी आत खोचली.

घरी आल्यावर ताईचा फोन आला. मी बाळाला पाजत होते, म्हणून आईने घेतला. ताईने काय विचारलं असेल ते आईच्या उत्तरावरून कळलं.

"हो, हो, लावलं होतं की. लई उपयोग झाला."

तसं ते खोटं नव्हतं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. आप्पा आत पालथे पडले होते आणि तिला पट्ट्या बदलायच्या होत्या. इंग्लंडहून माझ्यासाठी आलेलं शेवटचं पाकीट तिने माझ्यासमोर फोडलं.

दुसऱ्या वेळी मी मोखाड्याला गेलेच नाही. जव्हारलाच बाळंत झाले. माहेरी का गेले नाही म्हणून सगळ्यांनी नावं ठेवली, ती मी ठेवू दिली. मशीन मागितलं नाही. ताईला खरं सांगितलं नाही, कारण तिने दुसरं पाठवलं असतं आणि तेही आप्पांना हवं झालं असतं, घरी एक नि प्रवासात एक.

आप्पा गेले त्यानंतरच्या वर्षी आईची कंबर पहिल्यांदा कुणाच्या तरी लक्षात आली, तीही ती मोरीत खाली बसली आणि उठूच शकली नाही म्हणून. मी मोखाड्याला गेले. मशीन कपाटात होतं, आप्पांच्या चष्म्याशेजारी, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेलं. नवा सेल आणि पट्ट्या मी नाशिकहून मागवून बरोबर आणल्या होत्या.

"मला कशाला? मला काय झालंय?" आई म्हणाली. तिला कूसही बदलता येत नव्हती.

मी ऐकलं नाही. तिची चोळी वर केली, पट्ट्या लावल्या, मशीन चालू केलं. ती दचकली. मग तिचे खांदे सैल पडले. इतके सैल मी ते कधीच पाहिले नव्हते. मला वाटलं, आता बोलेल. दवाखान्यातल्या त्या दिवसाबद्दल काहीतरी बोलेल. मी वाट पाहत होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

"बंद कर आता," ती म्हणाली. "सेल संपंल."

"संपू दे. कुणासाठी ठेवायचाय?"

तिने सवयीने आप्पांच्या खाटेकडे पाहिलं. खाटेवर गोधड्यांची चळत होती. मी बटण तिच्या हातात दिलं, तिने ते परत माझ्या हातात दिलं. मग मीच जोर थोडा वाढवला आणि सेल संपेपर्यंत तिथे बसून राहिले.